बुडबुडा की पेशी?

मायक्रोस्कोपला पहिल्यांदा डोळा लावणाऱ्या मुलाला सगळ्यात आधी दिसतात त्याच्याच पापण्या. त्या बाजूला झाल्या की लख्ख पांढरा उजेड, आणि त्या उजेडात एक गोल. जाड काळी कड, आत एकदम स्वच्छ. "मॅडम, दिसली! पेशी दिसली!" अशी आरोळी उठते आणि बाकीची मुलं आपापली टेबलं सोडून तिकडे धावतात.

ती पेशी नसते. काचपट्टीवर आच्छादक काच ठेवताना खाली अडकलेला हवेचा बुडबुडा असतो तो. पण असतो मोठा रुबाबदार. शेजारची खरी पेशी त्याच्यापुढे अगदीच फिकट आणि अर्धवट पुसलेली वाटते. पहिल्यांदा बघणाऱ्याने बुडबुड्याच्या प्रेमात पडावं यात नवल नाही.

"तो बुडबुडा आहे" असं मी लगेच सांगत नाही. सांगितलं की मूल "हो का" म्हणतं, वहीत तसं लिहितं आणि विषय तिथेच मिटतो. त्याऐवजी पेन्सिल हातात देते. "डोळा काढू नकोस. बघत बघत वरच्या काचेवर पेन्सिलीच्या टोकाने हळूच दाब दे." गोल सरकतो, लांबट होतो, कधी त्याचे दोन होतात. "मॅडम, हे पळतंय." मग विचारायचं, "पेशी शेजारच्या पेशीला चिकटलेली असते ना? मग ती अशी पळेल का?" काळी कड कशामुळे, हवेतून पाण्यात जाताना प्रकाश कसा वळतो आणि काठावरचा उजेड भिंगापर्यंत का पोचत नाही, हे सगळं त्यानंतर. आधी त्या मुलाला आपल्याच डोळ्यांवर जरा संशय यायला हवा. निरीक्षण शिकवणं म्हणजे माझ्या लेखी मुख्यतः एवढंच.

आपण शिकवतो मात्र उलट्या दिशेने. पेशी सिद्धांत आधी येतो, चौकटीत, तीन विधानांत: सर्व सजीव पेशींचे बनलेले असतात, पेशी हा सजीवांचा रचनात्मक व कार्यात्मक मूलभूत घटक आहे, नव्या पेशी आधीच्या पेशींपासूनच तयार होतात. मुलं ती तोंडपाठ करतात. मग आकृती येते, नावं दिलेली, छान रंगवलेली. आणि सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर, मायक्रोस्कोप. तोवर काय दिसायला हवं हे प्रत्येकाला ठाऊक झालेलं असतं. प्रॅक्टिकल मग हजेरी लावल्यासारखं उरतं.

याचा पुरावा जर्नलमध्ये सापडतो. कांद्याच्या पापुद्र्याची आकृती काढायची होती. एका मुलीने विटांच्या भिंतीसारख्या नीटनेटक्या पेशी काढल्या होत्या, प्रत्येकीच्या बरोबर मध्यभागी केंद्रक, आणि आत हिरवे ठिपके. हिरव्या स्केचपेनने, हौसेने.

"हे हिरवं काय गं?"

"हरितलवकं, मॅडम."

"तुला हिरवं दिसलं?"

"नाही, पण असतात ना."

त्या "असतात ना"ला काय उत्तर द्यावं? मुलगी हुशार होती, वनस्पती पेशीत हरितलवकं, म्हणजे उजेडात अन्न तयार करणारे हिरवे कण, असतात हे तिला पक्कं माहीत होतं. पण कांद्याचा तो भाग जमिनीखाली वाढतो, उजेड त्याच्या वाट्याला येत नाही, आणि त्याच्या पापुद्र्यात हरितलवकं नसतात. भिंगाने तिला ते अगदी खरंखरं दाखवलं होतं, पण तिने भिंगापेक्षा पुस्तकावर विश्वास ठेवला. मला यात तिचा दोष वाटत नाही. परीक्षेत ज्याला गुण मिळतात त्याच्यावर मूल विश्वास ठेवतं.

म्हणून मी वर्गात रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाची गोष्ट सांगते तेव्हा बुचापासून सुरू करत नाही. १६६५ साली त्याचा 'मायक्रोग्राफिया' छापून आला, त्यात बुचाच्या चकतीतल्या रिकाम्या कप्प्यांना त्याने 'सेल' म्हटलं, हे प्रत्येक पुस्तकात असतं. पण ग्रंथाची सुरुवात त्याने सुईच्या टोकापासून केली आहे. आपण ज्याला अणकुचीदार म्हणतो ते टोक भिंगाखाली बोथट आणि खडबडीत दिसतं. त्यानंतर वस्तऱ्याची धार. छापलेला पूर्णविराम त्याने बघितला तर तो गोल नव्हताच, वेडावाकडा डाग होता. म्हणजे ज्या गोष्टी आपण रोज बघतो आणि ज्यांच्याबद्दल आपली खात्री असते, त्यांच्यावर त्याने आधी भिंग रोखलं. हे मुलांकडून करून घ्यायला मला फार आवडतं. छापील कागदाचा कपटा भिंगाखाली ठेवायचा. अक्षर उलटं दिसतं, काचपट्टी उजवीकडे सरकवली की चित्र डावीकडे पळतं, आणि रंगीत छपाईतलं गुळगुळीत आभाळ हे निरनिराळ्या रंगांच्या सुट्या ठिपक्यांचं आहे हे कळतं. पेशीचं नावही न घेता अख्खा तास जातो, आणि तो वाया गेला असं मला कधी वाटलेलं नाही.

हुकची खरी मेहनत मात्र दिसते ती माशीच्या डोळ्यापाशी. तो लिहितो की एका उजेडात तो डोळा बारीक भोकं पाडलेल्या जाळीसारखा दिसतो, उन्हात सोन्याचे खिळे ठोकलेल्या पृष्ठभागासारखा, जागा बदलली की पिरॅमिडांसारखा आणि आणखी बदलली की शंकूंसारखा. चारही वेळा डोळा तोच. उंचवटा कुठला आणि खळगा कुठला, सावली कुठली आणि काळा डाग कुठला, हे ओळखणं फार अवघड जातं, असंही त्याने लिहून ठेवलंय. म्हणून निरनिराळ्या उजेडांत, निरनिराळ्या बाजूंनी, पुन्हा पुन्हा पाहून खात्री पटल्याशिवाय तो चित्र काढायचा नाही. उजेडासाठी त्याने तेलाच्या दिव्यापुढे पाण्याने भरलेला काचेचा गोल ठेवला होता. मुंगी स्थिर राहीना तेव्हा तिला दारू पाजून झिंगवलं. हे ऐकून वर्ग खदखदून हसतो, आणि पुढच्या वेळी डबक्याच्या पाण्यातला पॅरामेशियम हा एकपेशीय जीव नजरेतून निसटायला लागला की कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, याला काय पाजायचं?" (कापसाचे दोन-चार धागे पाण्यात टाकले की बिचारा त्यांत अडखळतो, तेवढं पुरतं.)

बुचाचं बोलायचं तर हुकने कप्पे नुसते पाहिले नाहीत, मोजलेही. एका घन इंचात १२५ कोटी ९७ लाख १२ हजार, असा त्याचा हिशेब आहे. एका इंचात किती हे मोजायचं आणि त्या आकड्याचा घन करायचा. आमच्याकडेही हे जमतं. सगळ्यात कमी शक्तीच्या वस्तुभिंगाखाली पारदर्शक पट्टी ठेवायची, दृश्यक्षेत्राचा व्यास किती मिलिमीटर आहे ते बघायचं, मग पट्टी काढून कांद्याचा पापुद्रा ठेवायचा आणि त्या व्यासात किती पेशी लांबीने बसतात ते मोजायचं. भागाकार केला की एका पेशीची लांबी हातात. मिलिमीटरच्या एक तृतीयांशाच्या आसपास वगैरे उत्तरं येतात, प्रत्येक गटाचं थोडं वेगळं. "बरोबर उत्तर कुठलं?" या प्रश्नावर मात्र माझा नाइलाज असतो, कारण सगळीच बरोबर असू शकतात. पेशी काही साच्यातून काढलेल्या नसतात.

हुकला दिसलं ते काय होतं? मेलेल्या पेशींच्या भिंती. आतलं सगळं केव्हाच वाळून गेलेलं. जिवंत, वळवळणारं जग दिसलं ते डेल्फ्टच्या कापडव्यापाऱ्याला, अंतोनी व्हान लेव्हेनहुकला. त्याच्याकडे नळीचा मायक्रोस्कोप नव्हता. धातूच्या दोन पत्र्यांमध्ये बसवलेलं एकच इवलंसं भिंग, तेही स्वतः घडवलेलं, डोळ्याला जवळजवळ चिकटवून धरायचं. त्याच्या उरलेल्या भिंगांपैकी सर्वांत चांगलं सुमारे २७० पट मोठं दाखवतं. लॅटिन त्याला येत नव्हतं, तो डच भाषेत रॉयल सोसायटीला, लंडनच्या शास्त्रज्ञांच्या संस्थेला, पत्रं पाठवायचा. १६७६च्या ऑक्टोबरात त्याने पाण्यातल्या सूक्ष्म जीवांबद्दल लांबलचक पत्र लिहिलं आणि लंडनमधल्या विद्वानांना ते खरं वाटेना. मग त्याने स्वतःच्या डोळ्यांनी ते जीव पाहिलेल्या गावातल्या प्रतिष्ठित माणसांच्या साक्षी पाठवल्या. अखेर नोव्हेंबर १६७७ मध्ये हुकने स्वतः तसं पाणी तयार करून सोसायटीच्या सभेत ते जीव दाखवले.

मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो अविश्वास. "मी पाहिलं" एवढ्यावर भागलं नाही; दुसऱ्यालाही दिसायला हवं होतं. वर्गात मी हाच नियम लावते. एखाद्याला काही वेगळं दिसलं तर शेजारच्याने उठून त्याच्या भिंगातून बघायचं, आणि तोवर पहिल्याने तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. मुलांना हे फार जड जातं! "ते बघ ना, कोपऱ्यात, ते काळं—" असं सांगून झालेलं असतं, आणि मग दुसऱ्यालाही तेच काळं दिसतं. सांगितलेलं दिसणं ही जुनीच खोड आहे. १६९४ मध्ये निकोलास हार्टसूकरने शुक्रपेशीच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला छोटा माणूस काढला. असा माणूस दिसला असा त्याचा दावा नव्हता, आत तो असावा असं त्याचं म्हणणं होतं. हिरव्या स्केचपेनवाल्या मुलीशी त्याचं चांगलं जमलं असतं.

हुकचं बूच १६६५चं. वनस्पती पेशींच्या बनलेल्या असतात हे मथियास श्लायडेनने मांडलं १८३८ मध्ये, आणि प्राण्यांनाही ते लागू होतं हे थिओडोर श्वानने १८३९ मध्ये. मधली पावणेदोनशे वर्षं आपण पुस्तकाच्या दोन ओळींत उरकतो. त्या काळात लोक बघत नव्हते असं थोडंच आहे? बघत होते, पण संयुक्त मायक्रोस्कोपची भिंगं प्रत्येक कडेला रंगीत झालर लावत. शक्ती वाढवली की चित्र आणखी गढूळ. जोसेफ जॅक्सन लिस्टरने १८३० मध्ये भिंगांच्या जोड्या कशा बसवायच्या ते दाखवलं, तेव्हा ते दोष आटोक्यात आले. शिवाय नक्की काय शोधायचं हेही ठरलेलं नव्हतं. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राउनने ऑर्किडच्या पेशींमधला गोल ठिपका उचलून धरला आणि त्याला नाव दिलं, केंद्रक. तो ठिपका आधीही काहींना दिसला होता. तो प्रत्येक पेशीत असतो का, हे विचारणं नवं होतं.

हा ब्राउन माझा लाडका. १८२७ मध्ये तो परागकण पाण्यात टाकून बघत होता. परागांतून निघालेले बारीक कण सारखे थरथरत, नाचत होते. कुणीही म्हणेल, जिवंत आहेत, पराग म्हणजे जीवच. त्यालाही आधी तसं वाटलं. पण त्याने तेवढ्यावर न थांबता वर्षानुवर्षं वाळवून ठेवलेल्या वनस्पतींचे पराग घेतले, तेही नाचले. मग काचेची पूड, दगडाची पूड, धातू. इजिप्तमधल्या स्फिंक्सचा एक कपचाही त्याने कुटून पाहिला. सगळंच नाचत होतं. म्हणजे जिवंतपणाशी त्या हालचालीचा संबंध नव्हता. त्या नाचामागचं कारण १९०५ मध्ये आइन्स्टाइनने गणिताने मांडलं: पाण्याचे रेणू त्या कणांना सतत धक्के देतात. ब्राउनला ते कळलं नाही, पण काय नाही हे त्याने पक्कं केलं. आठवी-नववीच्या मुलांना मी यापेक्षा चांगला प्रयोग सांगू शकत नाही.

श्लायडेन आणि श्वान यांची जोडगोळी जेवणाच्या टेबलावर जमली असं श्वानने पुढे सांगितलं. श्लायडेन वनस्पतींच्या केंद्रकाबद्दल बोलत होता आणि श्वानला आठवलं की प्राण्यांच्या ऊतीत आपण अगदी असंच काही पाहिलंय. पण या दोघांची एक गंमत पुस्तकं सहसा सांगत नाहीत. नवी पेशी कशी जन्मते याबद्दलचं त्यांचं म्हणणं साफ चुकलं होतं. द्रवातून स्फटिक जमावेत तशा पेशी जमतात, असं त्यांना वाटे. पेशी विभागून पेशी होते हे रॉबर्ट रेमाकने १८५० च्या दशकात चिकाटीने दाखवलं आणि रुडॉल्फ फिरखोने १८५५ मध्ये ते सूत्र म्हणून गाजवलं. म्हणजे चौकटीतलं तिसरं विधान हे पहिल्या दोन विधानांच्या कर्त्यांना खोडून काढणारं आहे. छापताना मात्र तिन्ही एका खाली एक, जणू एकाच माणसाने एकाच दुपारी लिहिलीत.

आता पापुद्र्याकडे येऊ, कारण शेवटी सगळं तिथेच घडतं. आतल्या बाजूचा पापुद्रा नखाने उचलायचा, पातळ आणि पारदर्शक. कात्रीने छोटा तुकडा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात, घडी न पडता. आयोडीनचा एक थेंब. आच्छादक काच एका कडेवर टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू खाली सोडायची. धप्पकन टाकली की बुडबुडे. आरसा कधीही थेट सूर्याकडे वळवायचा नाही, डोळ्याला इजा होते. भिंग खाली आणताना बाजूने बघायचं, वर नेताना नेत्रिकेतून. नाहीतर कर्र असा आवाज येतो आणि काचपट्टीबरोबर माझंही काळीज तडकतं.

पेशी दिसल्या की मी मुलांना फोकसच्या छोट्या स्क्रूशी खेळायला लावते. अगदी किंचित फिरवा, मागे-पुढे. वरच्या रेषा विरतात, खालच्या उमटतात. एका ठिकाणी केंद्रक धूसर, जरा फिरवलं की ठसठशीत, आणखी फिरवलं की गायब. बराच वेळ कुणी बोलत नाही. मग एखादं मूल म्हणतं, "मॅडम, ही सपाट नाहीये. हिला खोली आहे." पुस्तकातल्या आकृतीने त्याला इतकी वर्षं पेशी म्हणजे फरशी आहे असं पटवलेलं असतं. ती खोक्यासारखी आहे हे त्याला बोटांनी कळतं. मग पुढचे प्रश्न आपोआप येतात. केंद्रक मध्यभागी का नाही, भिंतीला टेकून का बसलंय? कारण मधली मोठी रिक्तिका, द्रवाने भरलेली पिशवी, बहुतेक जागा व्यापते आणि पेशीद्रव्य कडेला ढकलते. काही पेशींत केंद्रकच दिसत नाही, त्यांना नसतं का? "तूच सांग, नाही आणि दिसत नाही यांतला फरक कसा शोधशील?" तो स्क्रूकडे हात नेतो.

हल्ली नेत्रिकेवर मोबाईल टेकवून फोटो काढतात. काढू देते, फोटो सुंदरही येतात. पण फोटो काढणाऱ्याला दोन मिनिटांनी विचारलं की केंद्रक कडेला होतं की मध्ये, तर तो मोबाईल उघडून बघतो. चित्र काढणाऱ्याला बघावं लागत नाही. म्हणून पेन्सिल सक्तीची. डाव्या पानावर दिसलं ते, उजव्या पानावर माहीत आहे किंवा वाटतं ते, आणि नावं फक्त डावीकडच्या दिसलेल्या भागांना. हिरवे ठिपके काढायचे तर उजवीकडे खुशाल काढा. पहिल्यांदा डावं पान फार केविलवाणं दिसतं, चार वाकड्या रेषा आणि एक डाग. पालकांपैकी कुणी वही पाहिली तर म्हणतात, आकृती नीट नाही. मला ती नीटच वाटते.

आणि चित्र काढूनही वाद मिटतो असं नाही. कामिलो गॉल्जीने चेतापेशी काळ्या रंगवण्याची पद्धत १८७३ मध्ये शोधली. सांतियागो रामोन इ काहाल याने तीच पद्धत वापरली, भरपूर चित्रं काढली. गॉल्जीला त्यात सलग विणलेलं जाळं दिसलं, काहालला सुट्या सुट्या पेशी. १९०६ चं नोबेल दोघांना मिळून दिलं गेलं, आणि त्याच सोहळ्यात दोघांनी आपापल्या व्याख्यानात एकमेकांविरुद्ध मतं मांडली. मेंदूला पेशी सिद्धांत लागू होतो की नाही हाच वाद होता तो. दोन चेतापेशींमधली फट प्रत्यक्ष दिसली ती १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, आणि काहाल बरोबर ठरला. रंग एक, काचपट्ट्या तशाच, आणि दोन्ही माणसं कसलेली.

हे सगळं झालं की शेवटच्या तासाला फळ्यावर ती तीन विधानं लिहिते, आणि त्यांच्या खाली अडचणी. आपल्या कंकाली स्नायूच्या एका तंतूत केंद्रकं पुष्कळ, मग ती पेशी एक की अनेक? आपल्या पक्व तांबड्या रक्तपेशीत केंद्रकच नाही. कौलेर्पा नावाचं समुद्री शैवाल हातभर पसरतं, पानं-देठ-मुळं असल्यासारखं दिसतं, आणि आत पेशींच्या भिंतीच नाहीत. सगळं मिळून एक पेशी. आणि २०२२ मध्ये ग्वादलूपच्या खारफुटीतला थायोमार्गारिटा मॅग्निफिका हा जीवाणू जाहीर झाला: एकच पेशी, लांबी सुमारे एक सेंटिमीटर. पेशी बघायला मायक्रोस्कोप लागतो, या आमच्या पहिल्याच वाक्याला त्याने सुरुंग लावला.

मागच्या बाकावरून हात वर होतो. "मॅडम, हे खालचं परीक्षेत लिहायचं का?"

"लिही. पण वरची तीन आधी लिही, त्यांना गुण आहेत."